जिवंत भाषेचा अभ्यास

१९०१ च्या नोव्हेंबरात अथेन्समध्ये भाषेवरून दंगल झाली आणि आठ माणसे मेली. निमित्त होते शुभवर्तमानाच्या एका भाषांतराचे. अलेक्झांद्रोस पाल्लिस यांनी ते लोकांच्या रोजच्या ग्रीकमध्ये आणले होते आणि 'अक्रोपोलिस' या दैनिकात ते क्रमशः छापून येत होते. रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी आघाडीवर होते. घरात आणि बाजारात बोलली जाणारी ग्रीक ही बिघडलेली भाषा, तिच्यात पवित्र ग्रंथ आणणे म्हणजे पूर्वजांचा अपमान, अशी त्यांची मनापासूनची समजूत होती. दंगलीनंतर सरकार पडले, धर्मप्रमुखांना पद सोडावे लागले. आपल्या आईची भाषा अशुद्ध आहे हे सिद्ध करण्यासाठी शिकलेली मुले मरायला तयार झाली, ही गोष्ट वाचताना आजही मन सुन्न होते.

त्याच १९०१ साली मुंबई विद्यापीठाने एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा दिली. हे विद्यापीठ १८५७ चे. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढल्या गेल्या होत्या आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन, अरबी अशा अभिजात भाषांचाच मान उरला होता. म्हणजे मुंबईतल्या मुलाला प्राचीन ग्रीकमध्ये परीक्षा देता येत होती, पण ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत देता येत नव्हती. महादेव गोविंद रानडे यांनी ही स्थिती बदलावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या खटपटीला फळ आले. मराठीचा विद्यापीठीय अभ्यास ज्याला म्हणतात तो असा सव्वाशे वर्षांचा आहे.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. ग्रीक आणि मराठी यांचे दुखणे एकच आहे. दोन्ही भाषांच्या पाठीशी फार मोठी, फार जुनी आणि जगाने मान दिलेली भाषा उभी आहे. त्या वडीलधाऱ्या भाषेचा अभ्यास म्हणजे विद्वत्ता आणि आज बोलल्या जाणाऱ्या भाषेचा अभ्यास म्हणजे सोपा विषय, हा समज दोन्हीकडे खोल रुजलेला होता. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी विषय घेणाऱ्या मुलीला "दुसरं काही मिळालं नाही का?" असे विचारणारे नातेवाईक घरोघरी भेटतात.

प्रस्तुत पुस्तक त्या मुलीसाठी आहे. मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचा शिस्तीने अभ्यास करणे म्हणजे नेमके काय, तो कोणी सुरू केला, त्यात कोणकोणत्या वाटा आहेत, आणि घनसावंगीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसून त्यात काय भर घालता येते, एवढे सांगण्यासाठी हे लेख एकत्र केले आहेत. सोबतीला आरसा म्हणून आधुनिक ग्रीकचा अभ्यास घेतला आहे. फ्रेंच किंवा इंग्रजीचा आरसा आपल्याला उपयोगाचा नाही, कारण त्या भाषांना आपल्या आजीपुढे स्वतःला सिद्ध करण्याची वेळ फारशी आली नाही.

ग्रीकांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. ऑटोमन सत्तेतून सुटून नवे ग्रीक राष्ट्र उभे राहत असताना लिहायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न आला. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अदामांतिओस कोराईस (१७४८–१८३३) यांनी मधला मार्ग सुचवला. बोलभाषेचा सांगाडा ठेवावा, पण तुर्की-इटालियन शब्द झाडून काढावेत आणि रूपे जुन्या ग्रीकच्या जवळ न्यावीत. या मार्गाने जाता जाता एक कृत्रिम 'शुद्ध' भाषा तयार झाली. ती सरकारची, शाळेची, न्यायालयाची भाषा बनली. घरात मात्र कोणीच ती बोलत नव्हते. कवींनी आधीपासून लोकभाषेची बाजू घेतली होती, त्यांत दियोनिसिओस सोलोमोस सर्वांत मोठा. १८८८ मध्ये यान्निस प्सिखारिस यांनी एका प्रवासवर्णनाच्या निमित्ताने लोकभाषेचा झेंडाच रोवला आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षे भांडण चालले. १९१७ मध्ये प्राथमिक शाळेत लोकभाषा आली, सरकारे बदलली तशी गेली, पुन्हा आली. १९४१ साली मानोलिस त्रिआंदाफिलिदिस यांच्या नेतृत्वाखाली तिचे प्रमाण व्याकरण तयार झाले. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्याने पुन्हा 'शुद्ध' भाषेचा आग्रह धरला. हुकूमशाही कोसळल्यावर १९७६ मध्ये लोकभाषा अधिकृत झाली आणि १९८२ मध्ये लिहिण्यातली जुनी स्वरचिन्हांची गुंतागुंत काढून एकच चिन्ह ठेवले गेले.

मधल्या काळात याच 'सोप्या' भाषेने सेफेरिस (१९६३) आणि एलितिस (१९७९) असे दोन नोबेल मिळवणारे कवी दिले. कवाफी तर ग्रीसच्या बाहेर, अलेक्झांड्रियात, दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून लिहीत बसला होता आणि आज जगभर वाचला जाणारा आधुनिक ग्रीक कवी तोच आहे. देशाच्या हद्दीबाहेर राहिलेली भाषा कधी कधी हद्दीतल्या भाषेपेक्षा मोकळी असते. मराठीत याचे उदाहरण तंजावरचे. भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली जात होती, तेव्हा पुण्या-साताऱ्यात तसे काही नव्हते. तरी आपल्या नाट्येतिहासात तंजावरला बहुधा एक परिच्छेद मिळतो.

ग्रीकांच्या अनुभवातली दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. १८३० मध्ये फालमेरायर नावाच्या जर्मन भाषिक इतिहासकाराने लिहिले की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांचे रक्त उरलेलेच नाही. या एका विधानाने एक अख्खी विद्याशाखा जन्माला घातली. निकोलाओस पोलितिस आणि त्यांच्यानंतरचे अभ्यासक खेडोपाडी गेले, गाणी, म्हणी, मर्तिकाचे विलाप, परीकथा गोळा केल्या, कशासाठी, तर प्राचीन ग्रीसचा धागा शेतकऱ्याच्या तोंडी शाबूत आहे हे दाखवण्यासाठी. त्यासाठी एका गाण्याची निरनिराळी पाठांतरे जोडून 'मूळ' गाणे बनवण्यापर्यंत मजल गेली. १९८२ मध्ये मायकेल हर्झफेल्ड यांनी या सगळ्या खटाटोपाची चिकित्सा केली. त्याआधी १९७४ मध्ये मार्गारेट अलेक्सिऊ यांनी विलापगीतांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात प्राचीन ते आजपर्यंतचा धागा आहेच, पण रडणाऱ्या बाईचे शब्द तिचे म्हणून ऐकलेले आहेत. या दोन ग्रंथांनी पुष्कळ शिकवले. गोळा करणाऱ्याचा हेतू काळाबरोबर विरून जातो, गोळा केलेले राहते. मात्र ते कोणाकडून, कोठे, कोणत्या प्रसंगी मिळाले याची नोंद असेल तरच पुढच्याला उपयोगी पडते.

आता आपल्याकडे येऊ. मराठीचा पद्धतशीर अभ्यास परक्यांनी सुरू केला असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. महानुभावांनी तेराव्या-चौदाव्या शतकात आपल्या पंथाच्या ग्रंथांवर टीपा लिहिल्या, पाठभेद नोंदवले. 'स्थानपोथी'त तर चक्रधरस्वामी कोठे थांबले, देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे, हे इतके बारकाईने दिले आहे की आजच्या क्षेत्रीय अभ्यासकाने नमुना म्हणून समोर ठेवावे. गोदावरीच्या काठची किती तरी गावे त्यात आहेत. पण हे सगळे सांकेतिक लिपीत बंद होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाही. दरम्यान गोव्यात थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले. सेरामपूरला विल्यम कॅरे यांनी वैजनाथशास्त्री यांच्या मदतीने १८०५ मध्ये व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपात कोश काढला. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर १८४५ मध्ये छापली. मोल्सवर्थचा कोश मी आजही रोज उघडतो. त्याच्याइतका प्रामाणिक कोश आपण पुढे फारसा केला नाही. मात्र त्याच्या पंडितांचा कान पुण्याकडचा आणि कोकणाकडचा होता. निजामाच्या राज्यातली मराठी त्यात येणार कोठून?

यानंतर संग्राहकांची पिढी येते आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण ही पिढी आमच्या तालुक्याशी जोडलेली आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, जांबचा. आज जांब समर्थ म्हणून ओळखले जाणारे हे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. नारायण सूर्याजीपंत ठोसर लहानपणीच घर सोडून टाकळीला गेले, पुढे कृष्णेच्या खोऱ्यात रमले, आणि त्यांच्याबरोबर मराठी वाङ्मयेतिहासाचे लक्षही चाफळ-सज्जनगडाकडे गेले. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि आयुष्य रामदासी मठ पालथे घालण्यात घालवले. मठामठांतून बाडे मिळवली, नकलून घेतली, संपादित केली. १९०५ मध्ये त्यांनी दासबोध छापला तो समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या डोमगावच्या प्रतीवरून. हे डोमगाव परांड्याजवळचे, म्हणजे मराठवाड्यातलेच. समर्थांचा जन्म मराठवाड्यात आणि त्यांच्या मुख्य ग्रंथाची सर्वांत भरवशाची प्रतही मराठवाड्यात सांभाळली गेली, हे आमच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

देवांचा हेतू भक्तीचा होता. समर्थ किती थोर, हे त्यांना दाखवायचे होते. त्यापुढे शिवाजी महाराज आणि समर्थ यांची भेट कधी झाली, गुरू-शिष्याचे नाते होते की नव्हते, यावर गट पडले आणि शंभर वर्षे तलवारी उपसल्या गेल्या. त्या वादाचा निकाल कसाही लागो, त्याने एक नुकसान मात्र केले. सतराव्या शतकातली मराठी कशी होती, तिच्यात फारसी शब्द कसे मुरले होते, मठांत स्त्रिया काय लिहीत होत्या, हे प्रश्न मागे पडले. देवांनी मिळवलेली बाडे धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्यांत वेणाबाई आहेत, समर्थांचे थोरले बंधू गंगाधरपंत आहेत, ज्यांना लोक श्रेष्ठ म्हणत आणि ज्यांनी जांबेतच राहून 'भक्तिरहस्य' आणि 'सुलभोपाय' लिहिले. घर सोडणाऱ्या भावावर शेकडो पुस्तके आहेत. घरी राहिलेल्या भावाची भाषा कोणी तपासली आहे? गोदाकाठच्या सतराव्या शतकातल्या मराठीचा नमुना हवा असेल तर तो कृष्णाकाठी गेलेल्या धाकट्यापेक्षा थोरल्याकडे शोधावा, असे मला फार वर्षे वाटत आले आहे.

देवांच्याच धुळ्यात विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांची अखेर झाली. राजवाडे हे या क्षेत्रातले प्रचंड व्यक्तिमत्त्व. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत व तिच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा आज टिकत नाहीत, पण कागदाला कागद आणि शब्दाला शब्द म्हणून मान द्यायला त्यांनी शिकवले. इकडे ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये आला, स्टेन कोनो यांनी केलेला. त्यानंतर झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये आला. प्राकृतापासून मराठी कशी झाली हे ध्वनींच्या नियमांनी दाखवणारा तो पहिला मोठा ग्रंथ. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. भारतीय आर्यभाषांच्या अभ्यासात मराठीला आदर्श नमुन्याचे स्थान मिळाले ते ब्लॉक यांच्यामुळे, हे त्यांच्यानंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केले आहे.

या सगळ्या काळात मराठवाड्यात काय चालले होते? हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. जालन्याच्या मुलाला पुढे शिकायचे तर उर्दूतून शिकावे लागे. पुणे-मुंबईत मराठीचे वाद रंगत असताना इथल्या शिकलेल्या माणसाला आपल्या भाषेत अर्जही करता येत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उशिरा सुरू झालेल्या या प्रदेशाने मराठी अभ्यासाला सर्वांत मोठे वळण दिले. मिलिंदच्या परिसरातून दलित साहित्याचा विचार उभा राहिला. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. त्यामुळे वाङ्मय म्हणजे काय, ते कोणी ठरवायचे आणि अनुभवाला प्रमाण मानायचे की नाही, हे प्रश्न समीक्षेच्या मध्यभागी आले. भालचंद्र नेमाडे याच विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या देशीवादाशी वाद घालावा, मी स्वतः घालतो, पण तो टाळून आज मराठी समीक्षा करता येत नाही.

त्याआधी आणि समांतर, मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) कलाकृतीची स्वायत्तता जपणारी परंपरा आहे. तिचा दबदबा अभ्यासक्रमांत दीर्घकाळ होता आणि तिच्याविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे तिच्यावर विस्तार करीत नाही. भाषाशास्त्राच्या वाटेवर अशोक केळकर आहेत, बोलींची पाहणी करणारे अ. मा. घाटगे आहेत. स्त्रीवादी वाचनाची सुरुवात मात्र एका शोधाने झाली. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लिहिलेली 'स्त्रीपुरुष तुलना' स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापली आणि नव्वद वर्षे विस्मरणात गेलेले पुस्तक एकदम पायाचा दगड ठरले. अशी आणखी किती पुस्तके फडताळांत असतील!

परदेशी अभ्यासकांकडे आपण एक तर डोळे दिपवून पाहतो किंवा संशयाने. दोन्ही नको. विल्बर डेमिंग यांनी १९२८ मध्ये रामदासी पंथावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते मिशनरी होते हे लक्षात ठेवून वाचावे, पण त्यांनी मठांची जी माहिती जमवली ती कामाची आहे. गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले आणि त्यांच्या तोंडून बिरोबा-खंडोबाच्या ओव्या घेतल्या. मराठी संस्कृतीचा विचार पोथीच्या बाहेर, कुरणावर नेण्याचे मोठे काम त्यांचे. एलिनॉर झेलियट यांनी १९६० च्या दशकात आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांत हा विषय प्रबंधाचा मानला जात नव्हता. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांवर, नद्यांवर, यात्रांवर लिहिले आणि शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. 'महाराष्ट्र : संस्कृती आणि समाज' या विषयावर १९८४ पासून भरू लागलेली आंतरराष्ट्रीय परिषद टोरंटोत सुरू झाली. या सगळ्यांच्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे की रा. चिं. ढेरे यांच्यासारखा विद्यापीठाबाहेर राहिलेला संशोधक त्यांनी समान म्हणून वाचला. ढेऱ्यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर फेल्डहाउस यांनी स्वतः केले.

जात्यावरच्या ओव्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायलाच हवा. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, प्रत्येकीला गाणारीचे नाव आणि गाव आहे. गोदावरीच्या पलीकडे, माजलगावात गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. ग्रीक लोकगीतांच्या संग्राहकांनी जी चूक केली ती इथे झाली नाही. अनेक ओव्या जोडून 'मूळ' ओवी बनवली गेली नाही. शंभर वर्षांनी कोणी हे वाचेल तेव्हा गाणारी बाई त्याला तिच्या नावाने भेटेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी केलेले काम मोठे आहे आणि आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही झाला. पैठणच्या सातवाहनांच्या काळातली 'गाहा सत्तसई', नाणेघाटचा लेख, लीळाचरित्र, हे सगळे पुन्हा चर्चेत आले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. पण ग्रीकांचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, धोक्याची वेळ हीच आहे. प्राचीनतेचा अभिमान जेवढा वाढतो तेवढी आजची बोली हिणकस वाटू लागते. मराठवाड्यातले "मव्हं-तुव्हं", "मपलं-तुपलं" शाळेत लाल शाईने खोडले जाते. जुन्या ग्रंथांत प्रदेशाची भाषा सापडली की आपण तिला ठेवा म्हणतो, तीच दहावीच्या उत्तरपत्रिकेत दिसली की चूक ठरते. अभिजात दर्जाबरोबर येणारा पैसा फक्त ताम्रपट आणि पोथ्यांवर खर्च झाला, तर अथेन्सच्या विद्यार्थ्यांची चूक आपण दंगल न करता पुन्हा करू.

पैशाचा विषय निघाला म्हणून लंडनची एक हकीकत. १९१९ मध्ये किंग्ज कॉलेजात आधुनिक ग्रीकचे अध्यासन निघाले, कोराईस यांच्या नावाचे. ग्रीक सरकार आणि लंडनचे धनिक ग्रीक यांनी त्यासाठी पैसे दिले. पहिले प्राध्यापक आर्नल्ड टॉयन्बी. ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ते स्वतः अनातोलियात गेले आणि ग्रीक सैन्याकडून झालेले अत्याचार त्यांनी जसे पाहिले तसे लिहिले. देणगीदार संतापले. १९२४ मध्ये टॉयन्बींना अध्यासन सोडावे लागले. भाषेवर प्रेम असणाऱ्यांनी दिलेला पैसाही अभ्यासकाला गप्प करू शकतो, म्हणून अध्यासनाच्या करारात आधीच अभ्यासकाचे स्वातंत्र्य लिहून ठेवले पाहिजे. मराठीसाठी अध्यासने निघावीत, देशात आणि परदेशात निघावीत. तेव्हा ही हकीकत लक्षात राहावी.

त्याच युद्धानंतर, १९२३ च्या करारानुसार, दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानात पाठवले गेले. निर्वासितांपैकी काहींना ग्रीक येतही नव्हते. ते तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. मेल्पो मेर्लिए यांनी १९३० पासून या लोकांची गाणी आणि पुढे हजारोंच्या आठवणी नोंदवून घेतल्या. हे वाचताना मला आमच्याकडची दोन कामे आठवतात, जी झाली नाहीत. एक, जायकवाडीच्या नाथसागराखाली गेलेल्या गावांची बोली आणि ओव्या. दुसरे, दखनी. जालन्याच्या बाजारात मराठी आणि दखनी शेकडो वर्षे एकमेकींत मिसळत आल्या. एकनाथांनी पैठणात बसून हिंदू-तुर्क संवाद लिहिला, तो याच मिश्रणातून. तरी मराठी विभागाला दखनी आपली वाटत नाही आणि उर्दू विभागाला मराठी.

पैठणवरून एक लहानशी गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावे आहेत; भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असे तो लिहितो. आणि अथेन्सचे दिमित्रिओस गालानोस (१७६०–१८३३) चाळीस वर्षे काशीत राहिले, त्यांनी गीता आणि भर्तृहरी ग्रीकमध्ये नेले, तिथेच वारले. ग्रीक भाषा आपल्याला अगदीच परकी नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले, ते आता सांगतो. यात वाङ्मयाचा इतिहास नाही, तो अनेकांनी चांगला लिहिला आहे. यात अभ्यासाची कृती आहे. हस्तलिखिताची प्रत हातात आली तर काय पाहायचे, मोडी कागद कसा वाचायला शिकायचे, बोली नोंदवताना स्वतःच्या कानाला प्रमाण भाषेपासून कसे आवरायचे, आजीच्या ओवीखाली कोणती माहिती लिहायची, एखादी कादंबरी देशीवादी, स्त्रीवादी आणि सौंदर्यवादी नजरेने वाचली तर काय काय वेगळे दिसते, हे लेखकांनी आपापल्या कामातून दाखवले आहे. उदाहरणे शक्य तिथे जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतली घेतली आहेत. हा प्रादेशिक अभिमान नव्हे. विद्यार्थ्याला पायी किंवा एसटीने जाऊन तपासता येईल असेच उदाहरण शिकवण्याच्या कामी येते.

लेखकांत सगळे एका मताचे नाहीत. समर्थांविषयी परस्परविरोधी भूमिका घेणारे दोन लेख शेजारी आहेत, ते तसेच राहू दिले. दलित साहित्याच्या अभ्यासात आत्मकथनांना जेवढी जागा मिळाली तेवढी कवितेच्या भाषेला मिळाली नाही, असे म्हणणारा लेख आहे, आणि त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ग्रीकविषयीचा मजकूर प्रत्येक भागात विखुरलेला आहे, तो वाचकाने वेगळा काढून वाचू नये.

काही राहिले आहे. कोकणी आणि मराठी यांच्या नात्यावर लेख हवा होता. झाडीबोली आणि अहिराणीवर आहे ते अपुरे आहे. संगणकासाठी मराठीचे शब्दसंग्रह तयार होत आहेत, त्यांत मराठवाड्याची बोली किती, हा प्रश्न पुढच्या खंडात घ्यायचा आहे. त्या खंडासाठी घनसावंगी, अंबड आणि परतूर तालुक्यांतल्या ओव्या आणि बाडे यांची यादी करण्याचे काम हाती घेतले आहे. कोणाच्या घरी, देव्हाऱ्यात किंवा माळ्यावर पोथी असेल, तर ती हलवू नये, विकू नये. तिथेच येऊन तिची छायाचित्रे घेतली जातील आणि पोथी ज्यांच्या घरात आहे त्यांचे नाव, त्यांची परवानगी घेऊन, यादीत लिहिले जाईल.

— घनसावंगी